लॅपटॉप तापतोय? आधी पाट आणा!

मे महिन्यातली दुपार होती. वडगाव निंबाळकरचं ऊन तुम्हाला सांगायला नकोच. पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. आमची धाकटी पलंगावर गोधडी अंथरून, तिच्यावर लॅपटॉप ठेवून बसली होती. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. इमारतीचं चित्र अगदी खरं वाटेल असं संगणकात रंगवायचं, तर साधा लॅपटॉप पुरत नाही. म्हणून उसाच्या बिलातून आणि माझ्या भिशीतून चांगला महागडा घेतलेला. सबमिशन दोन दिवसांवर आलेलं आणि पडदा एकदम काळा!

"आई, गेला गं!" म्हणून ती रडायलाच लागली. मला वाटलं वीज गेली. पाहते तो पंखा चालू. लॅपटॉपला हात लावला, तर तवाच!

पहिल्या दुकानात सांगितलं, "मदरबोर्ड बदलावा लागेल." आकडा ऐकून हे गप्पच झाले. दुसऱ्या कारागिराने मात्र आधी तळाचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी गोधडीच्या सुताची आणि काळ्या राखेची गादीच बसली होती. राख कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल. ऊसतोडणी झाली की आमच्या भागात पाचट पेटवतात, आणि त्याची काजळी ओट्यापासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळीकडे येऊन बसते. ती लॅपटॉपात जाणार नाही, असं कसं होईल?

आता तुम्ही म्हणाल, एवढे पैसे मोजले, मग तो तापतो कसा? खरं तर महागडा लॅपटॉपच जास्त तापतो. चार्जरवर छापलेला वॉटचा आकडा पाहा. साध्या लॅपटॉपचा ४५ किंवा ६५ असतो. खेळांच्या आणि मोठ्या चित्रकामाच्या लॅपटॉपचा २४० वॉटपर्यंतही जातो. म्हणजे जुने ६० वॉटचे चार पिवळे दिवे एका वहीएवढ्या डब्यात पेटवल्यासारखं झालं! त्यात तो डबा पातळ हवा, ही हौस. अ‍ॅपलसारख्या कंपनीचा १५ इंची मॅकबुक प्रोदेखील २०१८ साली मोठ्या कामात तापून मंदावत होता. त्याच जुलैत कंपनीने चूक कबूल करून दुरुस्ती दिली.

ही धग बाहेर कशी जाते, तेही समजून घ्या. आत तांब्याच्या बंद नळ्या असतात आणि त्यांत किंचितसं द्रव. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला जाऊन तिचं पुन्हा द्रव होतं. भाताच्या झाकणाखाली पाण्याचे थेंब जमतात ना, अगदी तसंच. त्या गार टोकावरून पंखा हवा फिरवतो आणि धग बाहेर टाकतो. ही वाट बंद झाली की आतलं तापमान शंभर अंशांच्या घरात जातं. मग लॅपटॉप आधी काम हळू करतो आणि तरीही भागलं नाही तर स्वतःच बंद होतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्हच म्हणा. तो उडाला म्हणून कुकर कुणी टाकून देतं का?

तेव्हा घरच्या घरी एवढं सांभाळा:

लॅपटॉप गादी, उशी किंवा गोधडीवर कधीही ठेवू नये. टेबल नसेल तर लाकडी पाट घ्यावा आणि मागच्या बाजूला दोन बाटल्यांची बुचं ठेवून ती बाजू जरा उंच करावी. खालून हवा खेळते.

मांडीवरही नको. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली होती. रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवल्याने त्याच्या कातडीवर जाळीसारखे डाग उठले होते. रोज शेकोटीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर उठतात, त्याच जातीचे.

पुष्कळ कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच लॅपटॉप वापरायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. म्हणून जड काम पहाटे किंवा रात्री करावं.

फ्रिजमध्ये ठेवणं, ओलं फडकं घालणं, कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर धरणं, हे मुळीच नको. गार बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसं आत सुटलं तर सगळंच संपलं.

फोडणीचा धूर जातो तिथे लॅपटॉप नको. तेलाच्या वाफेवर धूळ चिकटून बसते.

जाळीवरची धूळ, लॅपटॉप बंद करून आणि पिन काढून, कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. आतली सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट वाळली आहे का, तेही त्याला पाहायला सांगावं.

आता जी गोष्ट सांगायला मला लाज वाटते, ती सांगते. त्याआधी महिनाभर लॅपटॉपचं झाकण नीट मिटत नव्हतं. बोटं फिरवायची पट्टी वर उचललेली दिसत होती. मी काय केलं असेल? रोज रात्री त्याच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवत होते, दबावं म्हणून! कारागिराने आतली बॅटरी दाखवली, तर ती पुरीसारखी टम्म फुगलेली. "काकू, ही दाबून फुटली असती तर पेटली असती," तो म्हणाला. माझे तर हातपायच गार पडले. लेक त्याच पलंगावर, लॅपटॉप उशाशी घेऊन झोपत होती.

बिघडलेली लिथियम बॅटरी खरोखर पेट घेते. २००६ साली डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या याच भीतीपोटी परत मागवल्या होत्या. म्हणून बॅटरी फुगलेली दिसली की लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जिंग काढा. दाबू नका, टोचू नका. गॅस आणि कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. आणि धूर निघू लागला, तर लॅपटॉपच्या नादी न लागता आधी घरातली माणसं बाहेर काढा.

आमचा मदरबोर्ड शाबूत होता. सफाई झाली, नवी बॅटरी बसली आणि सबमिशनही वेळेवर झालं. आता लॅपटॉप पाटावर विराजमान असतो. सासूबाई म्हणतात, "जावयाला नसेल एवढा मान आहे गं त्याचा!"

तेव्हा आज रात्री एवढं कराच. घरातला लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि झाकण नीट मिटतंय का पाहा. मिटत नसेल, तर वर शब्दकोश ठेवू नका.