कंपनी सुटते, सही सुटत नाही

दिवाळखोरी संहितेच्या दुरुस्तीवर जी चर्चा झाली, ती बहुतेक मोठ्या उद्योगसमूहांची आणि न्यायाधिकरणात रखडलेल्या प्रकरणांची होती. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेल्या त्या विधेयकातली एक तरतूद मात्र भोसरीत, शिरोलीत किंवा अंबडला वीस-पंचवीस कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत पोचते. त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी दिसत नाही, म्हणून हा लेख.

‘प्रायव्हेट लिमिटेड’ केली की धंद्यातलं नुकसान घराच्या उंबरठ्याबाहेर राहतं, असा अनेकांचा समज असतो. कायद्याच्या पुस्तकात तो बरोबरच आहे. पण कॅश क्रेडिट मंजूर करताना बँक संचालकाची वैयक्तिक हमी घेते, आणि घर बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाही जामीनदार करते. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर आधी कंपनीकडून वसुली करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही.

खातं एनपीए झालं की सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. पैसे भरले नाहीत तर तारण मालमत्तेचा ताबा घेतला जातो आणि त्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपल्याच पेपरांतल्या ताबा नोटिसा कधी नीट वाचून पाहा. वर कंपनीचं नाव, खाली संचालक, आणि त्याखाली कितीदा तरी त्याच आडनावाची एखादी स्त्री. तिनं कदाचित कारखान्यात कधी पाऊलही टाकलेलं नसतं. राहत्या घराचा पत्ता, चटईक्षेत्र, चतुःसीमा, सगळं छापून येतं. सोसायटीत, नात्यात, मुलीच्या सासरी ती बातमी पोचायला वेळ लागत नाही.

यातला सर्वांत अन्यायकारक भाग पुढेच आहे. कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली की तिच्याविरुद्धच्या वसुलीला स्थगिती मिळते. जामीनदाराला या स्थगितीचं संरक्षण नाही, हे 2018 मध्येच स्पष्ट झालं. 1 डिसेंबर 2019 पासून जामीनदारावर याच संहितेखाली वेगळी कारवाई करता येऊ लागली, आणि मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप मुक्त होत नाही. म्हणजे नवा मालक जुन्या कर्जाच्या ओझ्याशिवाय तीच मशिनं चालवू लागतो, आणि ती मशिनं ज्यानं एकेक करून जमवली, त्याच्यामागे बुडालेल्या बाकीसाठी तगादा सुरूच राहतो. चेकचंही तसंच. न वटलेल्या चेकचा खटला स्थगितीच्या काळात कंपनीविरुद्ध थांबतो, सही करणाऱ्या संचालकाविरुद्ध थांबत नाही.

जामीनदाराला थोडी उसंत मिळत होती ती एकाच ठिकाणी. त्याच्या स्वतःच्या दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की त्याच्या सर्व कर्जांच्या वसुलीला अंतरिम स्थगिती मिळायची. विधेयकात ही स्थगिती कंपनीच्या जामीनदारांसाठी काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. तिचा गैरवापर झाला, हे खरं. वसुली लांबवण्यासाठीच अर्ज करणारे प्रवर्तक होतेच. पण त्यांच्यासाठी उचललेला दंडुका वर्कशॉपवाल्याच्या पाठीवर का? ठरावीक रकमेखालच्या हमीसाठी ही स्थगिती ठेवता आली असती. मोठे वकील लावण्याची ऐपत नसलेल्याला हीच काय ती सवड होती.

जामीनदार दिवाळखोर ठरलाच, तर शहरातलं वीस लाखांपर्यंतचं एक घर कायदा त्याला ठेवू देतो, तेही गहाण नसेल तर. पुण्यात वीस लाखांत काय येतं, हे सांगायला नको. शिवाय लघुउद्योजकाचं घर गहाण नाही, असं क्वचितच आढळतं. मुक्तता मिळेपर्यंत त्याला संचालक होता येत नाही, परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही. कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यांसाठीच्या संहितेतल्या तरतुदी तर अजून लागूच झालेल्या नाहीत. त्यांच्यासाठी मुंबईत 1909 चा आणि राज्यात इतरत्र 1920 चा, इंग्रजांच्या काळातला कायदा चालू आहे.

कर्ज घ्यायच्या आधी एक विचारणा मात्र प्रत्येकानं करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी न्यासाच्या योजनेत एप्रिल 2025 पासून दहा कोटींपर्यंतच्या कर्जाला संरक्षण मिळतं, आणि या योजनेखालच्या कर्जाला बँकेनं तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन घ्यायचा नसतो. न्यासाची हमी बँकेला असते, कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तिनं संपत नाही. पण धंद्याशी संबंध नसलेल्या बायकोची किंवा म्हाताऱ्या वडिलांची सही टाळता येते. बँक स्वतःहून हा पर्याय पुढे करील, याची वाट पाहू नये. अर्ज देतानाच तो लेखी मागावा, आणि नकार आला तर त्याचं कारणही लेखीच घ्यावं.