काळ्या शिवारातले स्फटिक

स्फटिक म्हटले की देवघरातले शिवलिंग, जपमाळ किंवा दागिन्यातला खडा आठवतो. पांढुर्णा तालुक्यातल्या तिगावच्या शिवारात ते शोधायला कोणी जाणार नाही. तिथे काळा बेसाल्ट आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी माती. तरीही स्फटिक समजून घ्यायला हाच मुलूख मला अधिक योग्य वाटतो. इथे चकाकी आणि घडीव आकार वाट चुकवत नाहीत. अणूंची पुन्हा पुन्हा तशीच येणारी मांडणी, हे स्फटिकाचे खरे लक्षण तेवढे उरते.

याचा भक्कम पुरावा शेजारच्या सौसर पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींनी दिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ली फर्मोर यांनी 1909 च्या आपल्या मोठ्या ग्रंथात सीतापारच्या एका खनिजाचे वर्णन केले आणि गावावरून त्याला ‘सीतापाराइट’ म्हटले. त्याआधी, 1897 मध्ये, अमेरिकेतल्या युटात सापडलेल्या चकचकीत काळ्या घनांना ‘बिक्सबाइट’ हे नाव मिळाले होते. दोहोंत नाते असेल अशी शंकाही येऊ नये, इतके ते वेगळे दिसत. मग 1912 मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या प्रयोगाने स्फटिकातून क्ष-किरण पाठवून आतली मांडणी ओळखण्याची वाट उघडली. 1930 मध्ये लायनस पॉलिंग आणि शॅपेल यांनी बिक्सबाइटची मांडणी उलगडली: ज्या एककाच्या आवृत्तीतून हा स्फटिक बनतो, त्यात लोह-मँगनीजचे 32 आणि ऑक्सिजनचे 48 अणू. पुढे 1942 मध्ये ब्रायन मेसन यांनी सीतापाराइट म्हणजे बिक्सबाइटच, हे दाखवले.

म्हणजे फर्मोर चुकले आणि आपल्या गावाचे नाव गेले, असे कोणी म्हणेल. नाव गेल्याची हळहळ मलाही आहे. पण फर्मोर यांच्या हाती रंग, काठिण्य, घनता आणि रासायनिक पृथक्करण एवढीच साधने होती. आत डोकावण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. युटाच्या ज्वालामुखी खडकात आणि सौसरच्या दाबाने-उष्णतेने पालटलेल्या जुन्या थरांत अणूंनी एकच रचना धरली, हा शोध त्या नावाहून मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काळा दगडही स्फटिक, तर मग स्फटिक नाही असे काय उरले? उरते ना, काच उरते. ती कितीही नितळ असली तरी तिच्या अणूंना दूरवर टिकणारी शिस्त नाही. उलट तिगावची काळी माती डोळ्यांना नुसता चिखल, पण तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे अतिसूक्ष्म कण स्फटिक आहेत. सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एक, असे त्यांचे थर एकमेकांना सैल धरून असतात. पावसाळ्यात त्या थरांमध्ये पाणी शिरते, माती फुगते; उन्हाळ्यात ते निघून जाते आणि जमीन भेगाळते. भारी जमिनीतल्या संत्र्याच्या बागेत पाणी तुंबून मुळे कुजू नयेत म्हणून चर काढावे लागतात, त्याचे एक कारण या थरांच्या रचनेतच आहे.