जिरेनियम तेल घरात वापरताय? थेंब मोजा, तोंडात नको!



जिरेनियमची कापणी झाली, पाला डिस्टिलेशनला गेला, तेल कॅनमध्ये भरलं, की बऱ्याच घरांत एक गोष्ट होतेच. थोडं तेल "घरच्यासाठी" म्हणून बाटलीत काढून ठेवलं जातं. आपल्याच शेतातलं आहे, वास गुलाबासारखा आहे, मग त्यात वाईट काय असणार? कुणी डोकं दुखलं की तसंच कपाळाला चोळतं, कुणी अंघोळीच्या बादलीत टाकतं. त्यात मोबाइलवर मेसेज फिरतात की उपाशीपोटी कोमट पाण्यात दोन थेंब घ्या, शुगर उतरते.

हे तेल घरात वापरायला हरकत नाही. पण कसं, किती आणि कुणी, हे माहीत पाहिजे. मेसेज थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात वाचून दाखवा. बाटली बहुतेक वेळा घरातल्या बायामाणसांच्या आणि लेकरांच्या हाताशी असते.

*१) हे तेल आहे तरी काय?*

वास फुलाचा, पण तेल पानाचं. जिरेनियमच्या पानांवर बारीक तेलाच्या गाठी असतात. वाफ दिली की त्या फुटतात, तेल वाफेबरोबर वर येतं आणि थंड झाल्यावर पाण्यावर तरंगतं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. आपल्या देशात आधी निलगिरी, कोडाईकनालच्या थंड डोंगरांत त्याची लागवड झाली. लखनौच्या सीमॅप संस्थेने मैदानी भागासाठी लागवडीचं तंत्र दिलं आणि गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातही ते आलं.

तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल हे दोन मुख्य घटक. गुलाबाच्या तेलातही हेच असतात, म्हणून वास गुलाबाच्या अंगाने जातो. साबण, अत्तर, क्रीम बनवणारे हे तेल घेतात ते यासाठीच.

आता हिशोब बघा. एक टन हिरव्या पाल्यातून साधारण एक किलो तेल निघतं, कधी थोडं जास्त. एक मिलीत ड्रॉपरचे साधारण २० थेंब बसतात. म्हणजे *एका थेंबात जवळजवळ ४० ते ५० ग्रॅम पाला* आटलेला आहे. पान चुरगाळून वास घेणं वेगळं आणि मूठभर पाल्याचा अर्क एका थेंबात अंगावर घेणं वेगळं.

फवारणीचं औषध आणलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? १५ लिटरच्या पंपाला किती मिली? कमी पडलं तर गुण येत नाही, जास्त झालं तर पीक करपतं. तोच नियम इथे लावा. फक्त इथे पीक म्हणजे आपली कातडी.

*२) उपयोग कोणता खरा?*

वासाने उपचार करण्याच्या पद्धतीला अरोमाथेरपी म्हणतात. रेने-मॉरिस गॅटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली या नावाचं पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून हा शब्द जगभर रुळला. आज शहरातल्या स्पा आणि मसाज सेंटरमध्ये जिरेनियम तेल नेहमी वापरलं जातं.

घरच्या वापरात त्याचा भरवशाचा उपयोग एवढाच:

▪️ खोलीत चांगला वास राहतो, मन थोडं हलकं वाटतं. वास घेतल्यावर भीती, ताण कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे.
▪️ दिवसभराच्या कामानंतर साध्या तेलात मिसळून पाय, पाठ, खांदे चोळले तर बरं वाटतं. त्यात मालिशचा वाटाही मोठा आहे.
▪️ डास थोडा वेळ लांब राहतात. पण वास उडाला की असरही गेला. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत मच्छरदाणीला पर्याय म्हणून यावर विसंबू नका.

शुगर, बीपी, थायरॉईड, गाठ, मूळव्याध यांपैकी कशावरही हे तेल औषध नाही. चालू गोळी बंद करून तेलावर राहिलात तर धोका तेलापेक्षा बंद केलेल्या गोळीचा जास्त आहे.

*३) कसं वापरायचं?*

*अंगाला लावायला:* तेल तसंच कधीही लावू नका. *एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, खोबरेल, तीळ किंवा करडई तेलाला एक थेंब*. एवढं प्रमाण बहुतेकांना पुरतं. मोठ्या माणसाच्या हातापायाच्या मालिशसाठी जास्तीत जास्त दोन थेंब. बाटली भरून ठेवायची असेल तर १०० मिली खोबरेल तेलात १ मिली, म्हणजे २० थेंब. थेंब जास्त झाले म्हणून गुण जास्त येत नाही, फक्त आग होण्याची शक्यता वाढते.

*आधी तपासणी:* मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावा आणि २४ तास थांबा. लाल झालं, खाज सुटली, पुरळ आलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. ज्यांना अत्तर किंवा वासाच्या साबणाने आधीच खाज येते, त्यांनी वापरूच नये. सिट्रोनेलॉल आणि जिरेनिऑल काहींच्या कातडीला सोसत नाहीत. म्हणूनच युरोपात विकल्या जाणाऱ्या क्रीम-साबणात हे घटक ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असतील तर लेबलवर त्यांचं नाव छापावं लागतं.

*वासासाठी:* कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून खोलीत ठेवा. डिफ्यूझर असेल तर तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. रात्रभर चालू ठेवू नका. डोकं जड झालं, मळमळलं की बंद करा आणि बाहेर मोकळ्या हवेत या.

*अंघोळीच्या पाण्यात नको:* तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. तांब्या घेतला की तेच तेल तसंच अंगावर येतं. नाजूक जागी लागलं तर आग आग होते.

*दिव्यात, समईत, डासांच्या मशीनच्या रिफिलमध्ये नको:* हे तेल पेट घेणारं आहे. चूल, गॅस, देवघर यांपासून बाटली लांब ठेवा.

*४) कुणी वापरायचं नाही?*

▪️ *लहान लेकरं:* दोन वर्षांच्या आतल्या बाळाला लावू नका, नाकाजवळही धरू नका. त्यापुढच्या मुलांना लावायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. बाळाच्या टाळूला, नाकाला, बेंबीला वासाचं कोणतंच तेल नको. निलगिरी आणि कापराचं तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. जिरेनियम त्यापेक्षा सौम्य आहे, पण बाटल्या सारख्याच दिसतात आणि लेकराला फरक कळत नाही.
▪️ *गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया:* डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
▪️ *दमा असणारे:* तीव्र वासाने धाप लागू शकते. घरात दम्याचा पेशंट असेल तर डिफ्यूझर लावू नका.
▪️ *जखम, भाजलेली जागा, गजकर्ण, इसब:* यावर लावू नका. डोळे, कानाच्या आत आणि गुप्तांगाजवळही नको.
▪️ *जनावरं:* गोचिडासाठी म्हणून गाई-म्हशीला तसंच तेल चोळू नका, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा. मांजराचं शरीर अशी तेलं नीट पचवू शकत नाही, त्यामुळे ती बंद खोलीत असताना डिफ्यूझर नको.

*५) पोटात गेलं, डोळ्यात गेलं तर?*

*पोटात:* ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. ओकताना तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला इजा होते आणि ते पोटातल्या तेलापेक्षा वाईट. खोकला, धाप, गुंगी, झटका दिसला तर *१०८ ला फोन करा*. काहीच त्रास दिसत नसला तरी लेकराला लगेच दवाखान्यात न्या आणि *तेलाची बाटली बरोबर घ्या*. कोणतं तेल, किती गेलं, हे डॉक्टरांना कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

*डोळ्यात:* पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा. मग डॉक्टर.

*कातडीवर आग होत असेल तर:* आधी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून घ्या, मग साबण-पाण्याने धुवा. नुसतं पाणी ओतलं तर तेल पसरतं.

*६) साठवण कशी?*

प्रकाश, उष्णता आणि हवा हे या तेलाचे तीन वैरी. तपकिरी काचेची किंवा ॲल्युमिनियमची बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. अर्धी रिकामी बाटली वर्षभर पडून राहिली की आतल्या हवेने तेल बिघडतं. असं जुनं तेल कातडीला ताज्यापेक्षा जास्त त्रास देतं. वास आंबट किंवा उग्र झाला असेल तर ते अंगाला लावू नका.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तेल ठेवू नका. तेलाने प्लास्टिक खराब होतं आणि तहानलेलं माणूस अंधारात तीच बाटली तोंडाला लावतं. कीटकनाशकाच्या बाबतीत जो नियम पाळता तोच इथे पाळा: *नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, कुलूप, उंच जागा*.

डिस्टिलेशनचं जे वासाचं पाणी उरतं तेही टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून थोड्याच दिवसांत संपवा, डोळ्यात घालू नका, पिऊ नका.

*७) बाजारातून तेल घेताय किंवा विकताय?*

भेसळ या धंद्यात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या खानदेशातल्या रानात रोशा गवतापासून तेल काढत. ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे महागड्या गुलाब तेलात मिसळलं जाई. व्यापारात त्या रोशा तेलाला "तुर्की जिरेनियम तेल" असं नाव पडलं होतं, जिरेनियमचं एक पानही त्यात नसताना! कारण रोशा तेलातही जिरेनिऑल भरपूर असतं आणि नाक फसतं. आजही स्वस्त तेलं आणि कारखान्यात बनवलेले वास मिसळून "शुद्ध जिरेनियम" विकलं जातं. नुसत्या वासाने किंवा कागदावर थेंब टाकून शुद्धता कळत नाही. त्यासाठी जीसी तपासणी लागते. ती सीमॅपकडे आणि कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात होते.

आपल्या लॉटमध्ये एकाने जरी मिसळलं तरी तपासणीत पूर्ण लॉट अडकतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मालाच्या नावावर. नाव कमवायला वर्षं लागतात, घालवायला एक कॅन पुरतो.

आणखी एक. काही सभासद छोट्या बाटल्या भरून ओळखीत विकायचा विचार करतात. लक्षात ठेवा:

▪️ अंगाला लावायचं उत्पादन म्हणून बनवून विकायचं तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करा.
▪️ बाटलीवर, पोस्टरवर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर *"शुगर बरी होते", "कॅन्सरवर गुणकारी"* असं लिहू नका. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायदा बाजूला ठेवा. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने शुगरची गोळी सोडली, तर त्याची भरपाई कोणत्या भावाच्या तेलातून होणार?

*आज संध्याकाळपर्यंत एवढं करा:*

✅ घरातली तेलाची बाटली शोधा, चिठ्ठी लावा, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.
✅ ड्रॉपर नसेल तर मेडिकलमधून आणा. अंदाजाने ओतू नका.
✅ ५ मिलीला एक थेंब, हे घरात सगळ्यांना पाठ करून द्या.
✅ तेल प्यायला सांगणारा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी हा पाठवा.

काही शंका असेल, किंवा कुणाला तेलाने त्रास झाला असेल, तर कंपनीच्या ऑफिसात येऊन सांगा. लपवू नका, म्हणजे बाकीचे सभासदही सावध होतील.