‘कॉक्सा’ आणि ‘काख’ : अवयववाचक शब्दांतील अर्थांतर

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत सापडतो, ही समजूत भाषाविषयक लेखनात अजूनही अधूनमधून डोकावते. निदान अवयववाचक शब्द तरी स्थिरार्थी असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. कारण ते ज्या वस्तूचा निर्देश करतात, ती काळानुसार बदलत नाही. लॅटिनमधील ‘कॉक्सा’ या शब्दाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

अभिजात लॅटिनमध्ये ‘कॉक्सा’ म्हणजे कटिसंधीचा भाग. मांडीसाठी ‘फेमुर’ हा स्वतंत्र शब्द होता. परंतु फ्रेंच ‘क्वीस’, इतालियन ‘कोशा’, पोर्तुगीज ‘कोशा’ आणि रुमानियन ‘कोआप्सा’ या सर्व वंशजांचा अर्थ मांडी असा आहे. शब्द शरीरावर जणू खाली सरकला. याचे कारण ‘फेमुर’च्या रूपावलीत शोधले जाते. त्याचे षष्ठीचे एक रूप ‘फेमिनिस’. ‘फेमिना’ म्हणजे स्त्री, या शब्दाच्या रूपांशी ते एकरूप होई. या संदिग्धतेमुळे मूळ शब्द बोलीतून मागे पडला व शेजारच्या अवयवाच्या नावाने त्याची जागा घेतली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

स्पॅनिशने निराळा मार्ग पत्करला. तेथे मांडीसाठी ‘मुस्लो’ हा शब्द रूढ झाला. त्याचे मूळ ‘मुस्कुलुस’ म्हणजे स्नायू, शब्दशः ‘लहान उंदीर’. ‘कॉक्सा’चे कुल मात्र मांडीवरील चिलखताच्या ‘किखोते’ या नावात कातालानमार्गे उरले. सेर्वान्तेसच्या १६०५ मधील कादंबरीचा नायक हेच नाव धारण करतो.

पुढे शरीरशास्त्राने ‘फेमुर’ मांडीच्या हाडासाठी पुन्हा प्रचारात आणला आणि ‘कॉक्सा’ला कटिसंधीचाच अर्थ दिला. परिणामी पोर्तुगीजमध्ये एकाच वर्णावलीचा शब्द व्यवहारात मांडी, तर वैद्यकाच्या लॅटिन परिभाषेत कटिसंधी दर्शवतो. मराठीतील तत्सम-तद्भव जोड्यांच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही.

युरोपबाहेरचा दुवा अधिक उद्बोधक आहे. संस्कृत ‘कक्ष’ हा ‘कॉक्सा’चा सगोत्र शब्द मानला जातो आणि त्याचा अर्थ बगल, मराठी ‘काख’ त्याचेच तद्भव रूप. प्राचीन आयरिश ‘कॉस’ (पाय) आणि जुन्या जर्मनमधील ‘हाह्सा’ (गुडघ्यामागील खळगा) हेही त्याच कुलातले. कटी, बगल, गुडघा यांना जोडणारा समान धागा म्हणजे सांध्यापाशी दुमडणारा भाग. मूळ शब्द विशिष्ट अवयवापेक्षा अशा रचनेचा वाचक असावा, असे अनुमान त्यावरून संभवते.

मराठीतही संस्कृत ‘कुक्षि’ म्हणजे पोट, उदर. त्यापासून आलेल्या ‘कूस’ शब्दात गर्भाशयाचा अर्थ टिकला आणि ‘कुशीवर वळणे’ या प्रयोगात तो शरीराच्या बाजूकडे सरकला. व्युत्पत्ती शब्दाचे कुल सांगते. अर्थाचा निर्णय प्रयोगानेच होतो. शब्दार्थचर्चेत ही मर्यादा सांभाळणे अगत्याचे आहे.