हिशोब बरोबर, उत्तर चूक

तुमच्या घरी कोणता साबण वापरतात? महिन्याला किती वड्या लागतात? दुसरा एखादा साबण कधी वापरून पाहिला आहे का? असे प्रश्न घेऊन कोणीतरी कधी ना कधी आपल्या दारात आलेले असते. आता हे प्रश्न फोनवरही येतात. मिळालेल्या उत्तरांची बेरीज-सरासरी काढून कारखाना ठरवतो, की माल किती काढायचा, कोणत्या गावी पाठवायचा आणि जाहिरातीत काय म्हणायचे. या उद्योगाला बाजारपेठ संशोधन असे भारदस्त नाव आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. मोजमाप कसे चुकते, हे शिकण्यासाठी इतकी चांगली उदाहरणे प्रयोगशाळेतही क्वचितच मिळतात.

सगळ्यांना विचारणे परवडत नाही, म्हणून थोड्यांना विचारायचे, ही या पद्धतीची मूळ कल्पना. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. ती जमते, कारण पातेल्यातला भात बहुतेक सारखाच शिजलेला असतो. माणसांचे तसे नसते. म्हणून माणसांचा नमुना घेताना चिठ्ठ्या टाकून, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखी राहील अशा रीतीने घ्यावा लागतो. अशा नमुन्याला यादृच्छिक नमुना म्हणतात. तो घेतला की संख्याशास्त्र आपल्याला एक सुंदर गोष्ट सांगते. नमुन्यात 'न' माणसे असतील, तर टक्केवारीत होणारी चूक ढोबळमानाने एक भागिले 'न'चे वर्गमूळ इतकी असते. शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा ती याच्या आत राहते. १०० माणसांना विचारले तर १० टक्के, ४०० जणांना विचारले तर ५ टक्के, २,५०० जणांना विचारले तर २ टक्के. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट. दहावीच्या मुलांनाही हे समजते.

घोटाळा येथूनच सुरू होतो. हे सूत्र फक्त एका प्रकारच्या चुकीविषयी बोलते. चिठ्ठ्या उचलताना निव्वळ योगायोगाने जे कमीजास्त होते, तेवढ्याचीच हमी ते देते. समजा, तराजूचा काटा मुळातच पाच ग्रॅम पुढे आहे. त्यावर एक वस्तू आपण एकदा तोलली काय आणि हजार वेळा तोलून सरासरी काढली काय, पाच ग्रॅमची चूक जागच्या जागी राहते. उलट हजार वेळा तोलल्यावर आपला त्या चुकीच्या उत्तरावरचा विश्वास मात्र वाढतो. अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला आपण एकतर्फी चूक म्हणू. माहिती गोळा करताना होणाऱ्या बहुतेक चुका या जातीच्या असतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण निवडणुकीचे आहे, पण त्याची मुळे बाजारातच आहेत. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाचे साप्ताहिक होते. वर्गणीदार मिळवण्यासाठी त्याच्याकडे पत्त्यांच्या प्रचंड याद्या असत. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या नोंदी ही त्यांतली मुख्य साधने. याच पत्त्यांवर मतपत्रिका पाठवून साप्ताहिक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज काढी, आणि १९३२ पर्यंत तो बरोबर येत गेला. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या. वरच्या सूत्रात हा आकडा घातला तर चूक येते सुमारे ०.०७ टक्के! लँडन आणि रूझवेल्ट या दोघांच्या मतांत लँडन यांना ५७ टक्के आणि रूझवेल्ट यांना ४३ टक्के, असा साप्ताहिकाचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना ६२ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि दोन राज्ये सोडून सारी राज्ये त्यांनी जिंकली. म्हणजे चूक झाली १९ टक्क्यांची, सूत्राने सांगितलेल्या चुकीच्या पावणेतीनशे पटींहून अधिक. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

पाठ्यपुस्तकांत याचे कारण एका वाक्यात दिलेले असते. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार श्रीमंतांकडेच होती आणि श्रीमंत रूझवेल्टच्या विरोधात होते. हे खरे आहे, पण निम्मेच. १९३७ साली झालेल्या एका पाहणीत लोकांना विचारले होते, की तुम्हाला ती मतपत्रिका आली होती का, तुम्ही ती परत पाठवली का आणि मत कोणाला दिले. अनेक वर्षांनी, १९८८ मध्ये, पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने ती उत्तरे तपासली. मतपत्रिका ज्यांना मिळाल्या त्या सर्वांनी उत्तर दिले असते, तर निदान विजयी कोण हे तरी बरोबर आले असते, असे त्याला दिसले. पत्रिका मिळूनही ज्यांनी पाठवल्या नाहीत, त्यांत रूझवेल्टचे पाठीराखे खूपच जास्त होते. चौघांपैकी तिघे गप्प बसले होते आणि त्या गप्प बसण्यालाही एक बाजू होती. आम्हाला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. यादी सदोष आहे हे थोडा विचार केला तर कळते. न आलेले उत्तर मात्र कोणत्याच कोष्टकात दिसत नाही.

त्याच वर्षी जॉर्ज गॅलप या गृहस्थाने साप्ताहिकाचा निष्कर्ष काय येणार, हे मतपत्रिका पोस्टात पडण्याच्या आधीच सांगून टाकले. त्याने तशाच याद्यांतले तीनेक हजार पत्ते घेतले, त्यांना कार्डे पाठवली आणि रूझवेल्टना साप्ताहिक ४४ टक्के देईल, असे जाहीर केले. एक कोटी पत्रिकांचे उत्तर तीन हजार कार्डांत! गॅलप जाहिरात कंपनीत संशोधन विभागाचा प्रमुख होता. लोक कोणती जाहिरात वाचतात हे मोजण्याचा त्याचा धंदा. १९३६ साली रूझवेल्ट जिंकणार हे त्याने बरोबर सांगितले, पण १९४८ मध्ये तो स्वतःच पडला. ट्रूमन हरणार असे त्याने आणि त्याच्या दोन नामांकित स्पर्धकांनीही सांगितले होते. त्या वेळी पाहणी करणाऱ्यांना फक्त हिस्से ठरवून दिलेले असत: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके श्रीमंत, इतके गरीब. त्या हिश्शात नेमके कोणाला विचारायचे हे त्यांच्या मर्जीवर. मर्जी कोठे जाते हे आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यालगतचे घर, दार उघडे असलेले घर, कुत्रे नसलेले घर! बाजारपेठ संशोधनात हिश्शांची ही पद्धत स्वस्त म्हणून आजही चालते.

नमुना अगदी निर्दोष आहे असे धरले, तरी पुढे प्रश्न विचारायचा असतोच. येथे आमचे आवडते उदाहरण १९५० सालचे आहे. तेव्हा अमेरिकेत झटपट कॉफीची पूड, म्हणजे नेसकॅफे, नवी होती. ती का आवडत नाही असे विचारले की बायका सांगत, चव आवडत नाही. मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाला हे उत्तर पटेना. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. खिमा, पाव, गाजरे, बेकिंग पावडर, डबाबंद पीच, बटाटे हे दोन्हींत अगदी सारखे. फरक एकच: एका यादीत नेसकॅफे आणि दुसरीत नेहमीची दळलेली कॉफी. प्रत्येक गृहिणीला एकच यादी दाखवायची आणि विचारायचे, ही खरेदी करणारी बाई कशी असेल, वर्णन करा. दुसरीही यादी आहे, हे तिला माहीत नसे. नेसकॅफेच्या यादीवरून ४८ टक्के स्त्रियांनी त्या बाईला आळशी म्हटले. दुसऱ्या यादीवरून आळशी म्हणणाऱ्या फक्त ४ टक्के. अडचण चवीची नव्हती. लोक काय म्हणतील याची होती. पण 'मला लोक आळशी म्हणतील' असे दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोण सांगेल? सरळ प्रश्न लाखभर स्त्रियांना विचारला असता, तरी 'चव' हेच उत्तर आले असते आणि कारखान्याने चव सुधारण्यात पैसे घातले असते. पुढे १९६८ च्या सुमारास हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा फरक उरला नव्हता. तोवर झटपट कॉफी घरोघरी रुळली होती.

१९८५ साली कोका-कोलाने नेमके चवीच्याच मागे लागून हात पोळून घेतले. नावे झाकून सुमारे दोन लाख लोकांना घोट-घोट पाजून पाहिले. नवी चव जास्त जणांना आवडली. २३ एप्रिलला जुने पेय बंद करून नवे बाजारात आणले, आणि ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. दोन लाखांच्या उत्तरांत गणिताची चूक काढता येणार नाही. 'यातले कोणते आवडते' आणि 'तुमचे नेहमीचे काढून घेतले तर चालेल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढेच.

आता महिन्याला साबणाच्या किती वड्या लागतात, याकडे परत येऊ. हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. येथे अब्रूचा सवाल नाही, फक्त आठवणीचा आहे. पण आठवण हेही एक मोजण्याचे उपकरण आहे आणि ते फार विचित्र आहे. काही खरेदी विसरली जाते, तर काही आधीच्या महिन्यातली ओढून या महिन्यात आणली जाते. याचा सर्वांत खोल अभ्यास ज्या देशांत झाला, त्यांत भारताचे नाव वरचे आहे. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हाच प्रश्न पडला, की घरखर्च विचारताना 'गेल्या सात दिवसांत' म्हणावे की 'गेल्या तीस दिवसांत'? बंगालमध्ये काही घरांत धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिले. तीस दिवसांचे उत्तर वजनाच्या जास्त जवळ आले. सात दिवसांचे फुगलेले होते. म्हणून कित्येक वर्षे तीस दिवस हाच नियम राहिला.

१९९४ ते १९९८ या काळात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला गेला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना अन्नासाठी सात दिवसांचा प्रश्न, निम्म्यांना तीस दिवसांचा. महिन्याच्या मापात आणल्यावर सात दिवसांच्या उत्तरांत अन्नावरचा खर्च सुमारे ३० टक्के जास्त निघाला. हा फरक केवढा, हे लक्षात घ्या. याच खर्चावरून दारिद्र्यरेषेखाली किती लोक आहेत हे काढले जात असे. नुसता प्रश्न बदलल्याने गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी होत होती. कोणाच्याही ताटात घासभर जास्त न पडता! मग १९९९-२००० च्या पाहणीत तोडगा म्हणून एकाच घराला दोन्ही प्रश्न विचारले, एकाच कागदावर शेजारी-शेजारी. गंमत अशी, की आता दोन्ही उत्तरे जवळ-जवळ आली. एक आकडा सांगितला की दुसरा त्याच्याशी जुळवून घेण्याचा मोह सांगणाऱ्याला होतो, तसाच लिहिणाऱ्यालाही. त्या वर्षी सरकारी हिशोबाने गरिबीचे प्रमाण ३६ वरून २६ टक्क्यांवर आले होते. यातली खरी घट किती आणि कागदाची करामत किती, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षे वाद घालत राहिले.

लिहिणाऱ्याचा विषय निघालाच आहे. उन्हातान्हात पन्नास दारे ठोठावण्यापेक्षा झाडाखाली बसून फॉर्म भरणे सोपे, हे सर्वांना कळते. बंगालमधील तागाच्या पाहण्यांत महालनोबिस यांनी यावर साधा उपाय योजला. त्याच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि ते दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे. दोघांची उत्तरे योगायोगाने पडेल त्याहून जास्त फरकाने वेगळी आली, तर कोठेतरी पाणी मुरते आहे. कामात प्रामाणिकपणाही पुरत नाही, हे आपल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या कापणीत दाखवून दिले. सातारा जिल्ह्यातल्या या शास्त्रज्ञाला १९४०च्या दशकात असे आढळले, की शेतात फार छोटा तुकडा आखून पीक कापले तर उत्पन्न जास्त भरते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की हात आपोआप ते आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कडा क्षेत्राच्या मानाने मोठी. चौरसाची परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

विचारायचेच नाही, असाही एक मार्ग आहे. १९३३ पासून आर्थर नील्सन याने औषधांच्या दुकानांत जाऊन मोजायला सुरुवात केली. सुरुवातीचा साठा, अधिक मधल्या काळातली खरेदी, वजा अखेरचा साठा, म्हणजे विक्री. यात आठवण नाही आणि लाजही नाही. मात्र माल कोणी घेतला आणि का घेतला, हे यातून कळत नाही.

आकडेमोडीतल्या चुका त्या मानाने पकडायला सोप्या असतात. एकच सांगतो. वय न सांगणाऱ्यापुढे ९९ हा खुणेचा आकडा लिहिण्याची पद्धत आहे. शंभरांपैकी ९६ जणांचे सरासरी वय ३५ आहे आणि चौघांपुढे ९९ लिहिले आहे. यंत्राला ही खूण सांगायची राहिली तर ते सरासरी ३७.५६ देते. उत्तर इतके सभ्य दिसते, की कोणाला संशयही येत नाही.

वर्गात करून पाहायचे असेल तर साठ मुलांत चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे. बाकांवरून गट पाडू नयेत, कारण मित्र शेजारी बसतात आणि मित्रांच्या सवयी सारख्या असतात. एका गटाने गेल्या सात दिवसांत आपण किती वेळा बाहेरचे खाल्ले ते लिहायचे, दुसऱ्याने गेल्या तीस दिवसांत किती वेळा ते. पहिल्या गटाच्या सरासरीला ३० भागिले ७ ने गुणून दुसरीशी ताडून पाहावे. नंतर सर्वांनी महिनाभर रोज नोंद ठेवायची आणि त्या नोंदीशी दोन्ही उत्तरे जुळवायची. नावे लिहायला लावू नयेत. कागदावर फक्त गटाची खूण असावी. पहिल्या दिवशी जी मुले गैरहजर असतील त्यांची उत्तरे ती आल्यावर घ्यावीत, पण वेगळ्या कागदावर मांडावीत.