घर बांधताना इंटरनेट आणि कॅमेऱ्याच्या वायरिंगचे नियोजन : प्लास्टरच्या आधीचा एक कागद



तलासरी, उधवा, झरी, उपलाट, वेवजी, कुठेही फेरी मारा, नवीन घरांची कामं दिसतात. आपल्यातले बरेच शिक्षक भाड्याच्या खोलीत वर्षं काढून, कर्ज काढून घर बांधतात. वायरमन येतो आणि विचारतो, "सर, लाईट-पंख्याचे पॉइंट कुठे देऊ?" आपण भिंतीवर खडूने खुणा करतो. नेटचा पॉइंट कुठे, कॅमेऱ्याची वायर कुठून, हे ना तो विचारतो ना आपण सांगतो. मग प्लास्टर होतं, रंग होतो, आणि राहायला गेल्यावर लक्षात येतं.

माझ्या घरी हेच झालं. राऊटर हॉलच्या खिडकीत बसला. टाळेबंदीत मुलीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला, तेव्हा तिच्या खोलीत दोन विटांच्या भिंती ओलांडून रेंजची एकच कांडी यायची. नंतर कॅमेरे लावले, त्यांच्या वायरी बाहेरच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकल्या. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वायरीचं वरचं आवरण तडकलं. आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी जवळच्या ताडावर वीज पडली, तर सकाळी रेकॉर्डर आणि दोन कॅमेरे बंद. ही चूक तुम्ही करू नये, म्हणून हा लेख.

मूळ तत्त्व : एक जागा, प्रत्येकाला स्वतंत्र वायर

लाईटच्या वायरिंगमध्ये एका पॉइंटवरून दुसरा पॉइंट घेता येतो. नेटचं तसं नसतं. घरात एक मुख्य जागा ठरवायची आणि तिथून प्रत्येक पॉइंटला, प्रत्येक कॅमेऱ्याला अखंड, स्वतंत्र वायर न्यायची. मध्ये जोड द्यायचा नाही. एक वायर खराब झाली तर तेवढाच पॉइंट बंद पडतो, बाकीचं घर चालू राहतं. बिघाड शोधणंही सोपं जातं.

या मुख्य जागी राऊटर, स्विच आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसतो. ती निवडताना पुढील गोष्टी पाहा.

- जागा शक्यतो घराच्या मध्याजवळ असावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची भिंत टाळावी.
- हवा खेळती असावी. बंद कपाटात यंत्रं तापतात.
- विजेचे किमान तीन-चार सॉकेट असावेत आणि ते इन्व्हर्टरच्या लाईनवर असावेत.
- हॉलच्या शोकेसमध्ये रेकॉर्डर ठेवू नये. चोर टीव्हीसोबत तोही उचलून नेतो, मग चित्रण बघणार कशात?

आपल्या भागासाठी आणखी एक मुद्दा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला होता. म्हणून पेटी भिंतीला स्क्रूने पक्की करा, पलंगाच्या डोक्याशी लावू नका, आणि जड बॅटरी किंवा युपीएस उंच फळीवर न ठेवता जमिनीलगत ठेवा.

आधी कागद, मग भिंत

चौकटीच्या कागदावर १ सेंमी = १ मीटर असं प्रमाण घेऊन घराचा नकाशा काढा. त्यावर तीन रंगांनी खुणा करा. निळा नेटच्या पॉइंटसाठी, लाल कॅमेऱ्यासाठी, हिरवा नेट घरात येण्याच्या जागेसाठी.

*निळे पॉइंट :* टीव्हीमागे एक, मुलं अभ्यासाला बसतात तिथे एक, आणि दूरच्या खोलीच्या बाजूला छताजवळ एक. छताजवळचा पॉइंट दुसऱ्या वायफाय यंत्रासाठी. सळईचं काँक्रीट आणि पत्रा वायफायची लहर अडवतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीत लवकर कमकुवत होते. त्यामुळे महाग राऊटर घेण्यापेक्षा वायर जवळ नेऊन तिथे दुसरं यंत्र बसवणं जास्त उपयोगी ठरतं. मजला चढवायचा विचार असेल, तर स्लॅब टाकतानाच वर जाणारा एक पाइप सोडा.

*हिरवी जागा :* एकच ठेवू नका. एक पाइप खांबाच्या बाजूने ठेवा, फायबरसाठी. दुसरा गच्चीवरून ठेवा. आपल्याकडे पाडे विखुरलेले आहेत. आज सिमकार्डचा राऊटर किंवा गच्चीवरची डिश असेल, उद्या दारात फायबर येईल. दोन्ही वाटा तयार असल्या की नंतर भिंतीला हात लावावा लागत नाही.

पाइप : रिकामा असला तरी टाका

माझं एकच सांगणं लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आज वायरीला पैसे नसतील तर चालेल, पण पाइप टाकून ठेवा. रिकाम्या पाइपचा खर्च थोडा असतो, तयार भिंत फोडून पुन्हा प्लास्टर-रंग करण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

- २५ मिलिमीटरचा पाइप घ्या. त्यात कॅट-६ च्या चार वायरी आरामात बसतात. पाइप गच्च भरू नये, साधारण ४० टक्केच भरावा, नाहीतर वायर ओढता येत नाही.
- वळणावर काटकोनी एल्बो न वापरता गोल बेंड वापरा. दोन बेंडनंतर एक जंक्शन बॉक्स द्या.
- रिकाम्या पाइपमध्ये नायलॉनची दोरी किंवा बारीक तार घालून दोन्ही टोकं बांधून ठेवा. नंतर वायर ओढायला तीच उपयोगी पडते.
- विजेची वायर आणि नेटची वायर एका पाइपमध्ये कधीही घालू नका. दोन पाइपांत साधारण एक फूट अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.
- प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते या फोटोवरून कळतं.

वायर कोणती घ्यावी?

घरासाठी कॅट-६ पुरेशी. १०० मीटरपर्यंत ती सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. घरात १०० मीटर क्वचितच लागतात, पण शाळेच्या किंवा वाडीच्या आवारात ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

बाजारात स्वस्त वायर मिळते तिच्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. दिसायला तीच, पण वाकवली की तुटते आणि तिचा विद्युतरोध जास्त असतो. ब्लेडने तार हलकी खरवडून पाहा, आत पांढरट धातू दिसला तर परत करा. दुकानदाराला "शुद्ध तांब्याची द्या" असं स्पष्ट सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

वायरीच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच हवा. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायरमन गेल्यावर तुम्हीच टोक नव्याने बसवायची वेळ येऊ शकते, म्हणून हा क्रम पेटीच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना "गेट", "मागचं दार", "अभ्यासाची खोली" अशी चिठ्ठीही लावा.

कॅमेरे : एका वायरीत वीज आणि चित्र

जुन्या पद्धतीत कॅमेऱ्याला चित्राची एक आणि विजेची एक अशा दोन वायरी लागतात. नव्या आयपी कॅमेऱ्यांत नेटच्या त्याच वायरीतून वीजही जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. २००३ मध्ये ठरलेल्या तिच्या पहिल्या मानकात स्विचचं प्रत्येक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देऊ शकतं. घराबाहेरच्या साध्या कॅमेऱ्याला तेवढी पुरते. कॅमेऱ्याजवळ सॉकेट नको, आणि पेटीतल्या एका इन्व्हर्टर लाईनवर सगळे कॅमेरे चालतात. वायफाय कॅमेरा घेतला म्हणून वायर टळते असं मात्र नाही, त्यालाही विजेची वायर बहुधा लागतेच.

पालक नेहमी विचारतात, "नेट गेलं तर कॅमेरा बंद पडतो का?" नाही. रेकॉर्डर घरातच असेल तर चित्र वायरीतून थेट त्याच्याकडे जातं. नेट लागतं ते फक्त बाहेरगावाहून मोबाईलवर बघायला.

"किती दिवसांचं चित्रण राहतं?" याचं गणित करून पाहू.

- एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवतो असं धरू.
- दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून २ × ८६,४०० = १,७२,८०० मेगाबिट.
- ८ बिट म्हणजे १ बाइट. १,७२,८०० ÷ ८ = २१,६०० मेगाबाइट, म्हणजे २१.६ जीबी.
- चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६.४ जीबी.
- १ टीबीच्या डिस्कमध्ये साधारण ११ दिवस, २ टीबीमध्ये साधारण २३ दिवस.

दिवाळीत गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतणार असाल, तर १ टीबी कमी पडेल हे दुकानात जाण्याआधीच कळलं.

कॅमेरा कुठे लावू नये

ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानंतर शाळांत सीसीटीव्हीची चर्चा वाढली, आणि पालकांच्या मनात घरातही कॅमेरा हवा असं येऊ लागलं. गेट, पुढचं दार, मागचं दार, गाडीची जागा या योग्य जागा. कॅमेरा आठ-दहा फुटांवर, वळचणीखाली लावा म्हणजे पावसाचा मारा लागत नाही. समोर मावळतीचा सूर्य येणार नाही हे पाहा.

पण घराच्या आत? आमच्या ओळखीच्या एका घरात हॉलमध्ये कॅमेरा बसवला. वडील कामावरून मोबाईलवर बघायचे आणि फोन करायचे, "अभ्यास सोडून टीव्ही का लावलास?" काही दिवसांत मुलीने हॉलमध्ये बसणंच सोडलं. अभ्यास वाढला नाही, घरातलं बोलणं मात्र कमी झालं. कॅमेरा चोरासाठी असतो, लेकरासाठी नाही. मुलांवर लक्ष ठेवायचं तर त्यांच्याशेजारी बसावं लागतं. शेजाऱ्यांच्या अंगणावर आणि न्हाणीच्या बाजूलाही कॅमेऱ्याचं तोंड नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क शेजाऱ्यालाही आहे, आणि आपल्या मुलांनाही.

पाऊस, वीज आणि पासवर्ड

*पाऊस :* बाहेरची वायर काळ्या, उन्हात टिकणाऱ्या आवरणाचीच घ्या. घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत येत नाही. पाइपही बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा.

*आकाशातली वीज :* गोठा, पंपघर किंवा दुसऱ्या इमारतीकडे तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. जवळ वीज पडली की तिचा झटका याच वायरीतून घरात येतो. माझं नुकसान असंच झालं, गोठ्याच्या कॅमेऱ्याची वायर अंगणावरून आणली होती. अशा ठिकाणी फायबर टाका. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, विजेचा झटका जात नाही. घराचं अर्थिंग चांगलं नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून आधी अर्थिंग तपासून घ्या.

*पासवर्ड :* कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राऊटर याच कच्च्या पासवर्डमुळे ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच जोरावर अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. पासवर्ड बसवणाऱ्या माणसाकडे नाही, आपल्या वहीत असावा.

कुडाच्या किंवा कौलारू घरात काय?

कारवीच्या कुडाला खाच मारता येत नाही, आणि मारूही नये. अशा घरात लाकडी वाशाच्या आणि खांबाच्या कडेने केसिंग-कॅपिंगची पट्टी लावा. नियम तेच : एक जागा, स्वतंत्र वायर, विजेपासून अंतर. भूकंपाच्या धक्क्याने भेगा पडलेल्या भिंतीवरही नवी खाच न मारता वरून पट्टी लावणंच बरं.

वर्गासाठी उपक्रम

हा विषय सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घ्या. मुलांना आपापल्या घराचा प्रमाणबद्ध नकाशा काढायला सांगा. आठ पॉइंट ठरवून प्रत्येकाची वायर मोजायला लावा. समजा बेरीज ११३ मीटर आली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना १ मीटर जादा, म्हणजे १६ मीटर. झाले १२९. त्यावर चुकीसाठी १० टक्के धरले की साधारण १४२ मीटर. मग विचारा, १०० मीटरची किती बंडलं घ्याल? वायर अखंड हवी, जोड चालत नाही, ही अट घातली की नुसत्या भागाकाराने उत्तर येत नाही. कोणत्या बंडलातून कोणती वायर कापायची याचा विचार करावा लागतो.

आणि पालकहो, तुमच्या घराचं काम चालू असेल तर हा नकाशा तुमच्याच मुलाकडून काढून घ्या. गवंड्याने प्लास्टरचा माल कालवण्याआधी तो कागद वायरमनच्या हातात द्या.

तुमच्या घराचं काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि कुठे अडलं आहे, ते नक्की कळवा.