आधी दोन फेऱ्या जखमींसाठी



पावसाळ्यात ओल्या बांधावरून खताचे पोते पाठीवर घेऊन चढताना कसा दम लागतो, हे कुरुंद्याच्या माणसाला सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचे पाणी शिरले, तेव्हा पाण्याचा जोरही आपण अनुभवला. आता पाठीवर पोत्याऐवजी जखमी माणूस आहे, बांधात सुरुंग पुरलेले आहेत आणि चोहोकडून गोळ्या येत आहेत, असे क्षणभर मनात आणा. एका मराठी शिपायाने हे खरोखर केले.

त्यांचे नाव नामदेव जाधव. गाव निमज, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री. देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि दुसऱ्या महायुद्धात आपली खेड्यापाड्यांतील मुले परमुलखात लढत होती. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी ही पलटण इटलीतील सेनिओ नदीवर चालून गेली. नदी जेमतेम पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. परंतु दोन्ही काठांना पूर अडविण्यासाठी घातलेले उंच, उभे बांध होते आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मोर्चे खोदले होते.

तेवीस वर्षांचे नामदेव निरोप पोचविणारे साधे शिपाई होते. कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर नदी ओलांडून ते पश्चिम काठावर निघाले, तोच पूर्वेच्या बांधातील मशीनगन सुरू झाल्या. अधिकारी व दोन जवान जखमी झाले, बाकीचे ठार झाले. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून नेले आणि सुरुंगांमधून बांध चढून सुरक्षित जागी पोचविले. तिथेच थांबले असते, तर कोणी बोल लावला नसता. पण ते परत गेले आणि दुसऱ्यालाही घेऊन आले.

तिसऱ्या वेळी ते गेले ते शत्रूवर. पहिला मोर्चा टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन मोर्चे मोडले. मग तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या जवानांना हाताने पुढे बोलावले. पलटण नदीपार झाली.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी सैन्यातील हे सर्वोच्च शौर्यपदक सोन्या-चांदीचे नसते, काशाचे असते. याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतच गाजविलेल्या शौर्याबद्दल ते मरणोत्तर मिळाले होते. नामदेव मात्र मायदेशी परतले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांना ही गोष्ट सांगताना आपण मशीनगनपासून सुरुवात करतो. तसे करू नका. पहिल्या दोन फेऱ्यांपासून सांगा. युद्ध सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु पुराच्या दिवशी, विहिरीच्या काठी, साप चावल्याच्या रात्री शेजाऱ्याला उचलून नेण्याची वेळ कोणावरही येते. त्या वेळी पदक मिळत नाही, पण धैर्य तेच लागते.